पडलेल्या भावाला मंडळीत परत उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जुवारीकाठ
आमच्या मंडळीतला एक प्रश्न मांडतोय. नावगाव मुद्दाम देत नाही, आणि वाचणाऱ्या कोणाला अंदाज आलाच तर कृपा करून इथे लिहू नका.

वास्कोच्या बाजूला आमची छोटी मराठी उपासना भरते. बहुतेक जण घाटावरून पोटापाण्यासाठी आलेले; कोणी बंदरात, कोणी रेल्वेत. आमच्यात एक बंधू आहेत. कित्येक वर्षं पेटी तेच वाजवायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन त्यांनी काळी दोनमध्ये धरलं की मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकाही सुरात यायच्या. त्यांना मटक्याचा नाद लागला. नाताळची वर्गणी त्यांच्याकडे जमा असायची, ती आकड्यांवर गेली. कोणाला संशय यायच्या आत ते स्वतःच पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पंचकमिटीने त्यांना काही काळ प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवलं. त्यांनी पैसे थोडे थोडे करून पूर्ण फेडले. मुदतही संपली.

आता ते रविवारी येतात, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत उठून जातात. त्यांना कोणी टाकून बोलत नाही, पण त्यांच्याशी बोलायलाही कोणी जात नाही. पेटीवर चादर घातलेली आहे. मुलं मोबाइलवर संगीत लावून गातात.

कमिटीत आता तीन मतं आहेत. काही म्हणतात, पैसे फिटले, विषय संपला, बसू दे पेटीवर. काही म्हणतात, आधी सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यावी. बाकीच्यांच्या मते त्यांनी नुसतं उपासनेला यावं, सेवा पुन्हा देऊच नये, नाहीतर तरुण पोरं काय शिकतील?

मला स्वतःला योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय स्वस्थ बसू देत नाही. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने, मी त्याला ओळखत नाही, असं म्हणून प्रभूला नाकारलं ते प्रमुख याजकाच्या अंगणात. थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव केला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य होडीतून उतरले तेव्हा तिथेही कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. ज्या धगीपाशी तोंडातून नकार निघाला, तशाच धगीपाशी प्रभूने त्याला बसवलं, आणि आधी खाऊ घातलं. प्रश्न न्याहारीनंतर. तू माझ्यावर प्रीती करतोस का, असं तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं, असं योहान स्पष्ट लिहितो. म्हणजे दुखलं. पण दर उत्तराला जोडून काम मिळालं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ.

आम्ही यातलं काय केलं? दूर ठेवायची मुदत मोजली, फेडीचा हिशेब ठेवला. विस्तव पेटवून त्यांची वाट पाहत कोणी बसलं नाही. क्षमा देव करतो, पण माणसाला पुन्हा उभं करायचं काम त्याने मंडळीकडे दिलंय, आणि ते आमच्याकडून राहिलंय असं माझं म्हणणं आहे. जाणकारांनी बोलावं.

बार्देशची_माय
मी कॅथलिक, बार्देशातली. घरात कोंकणी, शिक्षण मराठीत झालं म्हणून मराठीत लिहिते.

तुमच्याकडे कमिटी, आमच्याकडे कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली. करेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, इगर्जीत (चर्चमध्ये) कुमसाराला रांगा लागतात. पाद्री ऐकतो, प्रायश्चित्त सांगतो, पापमुक्तीचे शब्द उच्चारतो, आणि ऐकलेलं त्याच्याबरोबर मातीत जातं. कोणाला सांगायची त्याला मुभाच नाही. चोरी केली असेल तर नुसतं सांगून भागत नाही, ज्याचं घेतलं त्याचं परत करावं लागतं. तुमच्या बंधूंनी ते केलंय.

पण कुमसार करून माणूस बाकाकडे येतो तेव्हा शेजारचा सरकून जागा देतो की पर्स मध्ये ठेवतो, हे पाद्रीच्या हातात नसतं. ते माझ्या हातात असतं. हे मला फार उशिरा कळलेल्या बायका भेटतात.

29 जूनला आमच्याकडे सां पेद्रूचं, म्हणजे याच पेत्राचं, फेस्त (सण). नेरूल, कांदोळीला होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात, त्यावर गाणी-तियात्र (कोंकणी नाटक) होतं, काठावर अख्खा गाव उभा असतो. मासे मारणाऱ्यांचा तो पातरोन, म्हणजे रक्षक संत. त्याने तीनदा नाकारलं हे काठावरच्या पोरासोरांनाही पाठ असतं, आणि तरी फेस्त त्याचंच. तुमच्या कमिटीतल्या "पोरं काय शिकतील" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

फोंडेकर
मी हिंदू आहे, धाग्यात नाक खुपसतोय असं वाटलं तर सांगा. प्रश्न प्रामाणिक आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे फार सोपं वाटतं. पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा. ज्यांची वर्गणी गेली त्यांच्या मनातल्या विश्वासाचं काय? पैसे परत आले म्हणून तो परत येतो का?

शिस्त_आणि_प्रीती
फोंडेकर, नाक खुपसणं कसलं, हा प्रश्न आमच्यातल्यांनीच विचारायला हवा होता.

सोपं नाही. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं, ते नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं. दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. नाथानाने लगेच सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. त्याच दमात परिणामही सांगितले, आणि ते दावीदाच्या घराने पुढे भोगले. दुसरं शमुवेल 12 वाचा. क्षमेला एक वाक्य पुरलं. घराची घडी पुढे कित्येक अध्याय विस्कटत गेली. जक्कय या जकातदाराने ज्याला ज्याला नाडलं त्याला चौपट परत द्यायची तयारी दाखवली. तारणाचं मोल म्हणून तो ते देत नव्हता. तारण त्याच्या घरी आलं होतं, म्हणून त्याची मूठ उघडली.

म्हणून जुवारीकाठ यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. उभं करा, जरूर करा. पण प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की कोणावरही हात ठेवायची, म्हणजे त्याला सेवेवर नेमायची, घाई करू नकोस. आणि एक गोष्ट लोक विसरतात: समुद्रकाठच्या त्या न्याहारीनंतरही पेत्र एकदा घसरला. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तशी त्यांच्या भीतीने वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. गलतीकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात आहे. म्हणजे उभा राहिलेला माणूस पुन्हा डगमगू शकतो, आणि तेव्हा त्याला बोलणारं कोणीतरी लागतं. तुमच्या बंधूंना महिन्यातून एकदा तरी "आकडा लावावासा वाटतो का" असं थेट विचारणारा एक माणूस ठरवून ठेवा. पेटी द्या. पैसा देऊ नका, कायमचा. त्यांच्यावर संशय म्हणून नव्हे. दारू सुटलेल्याला आपण बारमध्ये नोकरी लावून देत नाही.

जुन्या_पानांतून
या वादाचं वय बघून धीर येईल म्हणून लिहितो.

इ.स. 250 मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रत्येकाने रोमी देवांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडलेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी घाबरून धूप जाळला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला आणि हेच लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. त्यांचं काय करायचं? रोममध्ये नोवातियन नावाचा पाळक म्हणाला, यांना परत घ्यायचा अधिकार मंडळीला नाही, देव बघून घेईल. दुसरीकडे काही जण विनाअट दार उघडायला निघाले. कार्थेजचा बिशप सिप्रियन दोघांनाही अडून बसला. 251 मध्ये कार्थेजला परिषद भरली: ज्याने दाखला विकत घेतला आणि ज्याने खरोखर बळी दिला ते एकाच मापाने मोजायचे नाहीत, प्रत्येकाचं वेगळं बघायचं, पश्चात्तापाचा काळ ठरवायचा, पण दार बंद करायचं नाही. पुढे नवा छळ येणार असं दिसू लागलं तसं सिप्रियनच्याच मंडळींनी मुदत आखडती घेतली. या लोकांना परीक्षेत उतरायचंय तर त्यांना प्रभुभोजनाचं बळ देऊन पाठवलं पाहिजे, असा त्यांचा विचार.

मला यातलं हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं. प्रभुभोजन सुधारल्याचं बक्षीस म्हणून राखून ठेवायचं, की सुधारायला लागणारं अन्न म्हणून द्यायचं? सिप्रियन हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकला. आणि 325 च्या निकिया परिषदेने नोवातियन पंथातल्या पाळकांना परत यायची मुभा दिली तेव्हा एक अट लेखी घेतली: छळात पडलेल्यांबरोबर सहभागितेत बसायला तुम्ही तयार असलं पाहिजे.

आता सगळ्यांसमोर कबुली द्यायच्या मताबद्दल. आपण गोव्यात राहतो, आपल्याला हे ठाऊक असायला हवं. इथे 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा आरोप ठेवून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, होतं. दोषी ठरलेल्याला सांबेनीतो नावाचा झगा चढवून, हातात मेणबत्ती देऊन मिरवणुकीने न्यायचे. फ्रेंच वैद्य देलाँ 1676 मध्ये जुन्या गोव्यात तसा चालला आणि सुटल्यावर त्याने ते सगळं लिहून ठेवलं. कागदोपत्री त्याला "मंडळीशी समेट" म्हणायचे. त्या समेटातून कोणाचा विश्वास उभा राहिला? माणूस उरलेलं आयुष्य मान खाली घालून जगायचा, बस.

घाटमाथा
इन्क्विझिशन इथे कशाला ओढता? आमच्या कमिटीतले साधे लोक, बाजारात भाजी घेताना भेटणारे. त्यांची तुलना त्यांच्याशी करणं अन्याय आहे. जाहीर साक्ष ही आमच्याकडची चांगली रीत आहे. मी स्वतः अशी साक्ष ऐकून प्रभूकडे आलो.

जुन्या_पानांतून
माणसांची तुलना करत नाही, क्षमा मागतो तसं वाटलं असेल तर. मला म्हणायचंय ते एवढंच की जाहीर कबुली कोणाच्या इच्छेने होते यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही ऐकलेली साक्ष त्या माणसाने स्वतःहून दिली होती ना? इथे कमिटी ती अट म्हणून मागतेय, तीही शिक्षा भोगून झाल्यावर. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात अशाच एकाबद्दल लिहितो: बहुतेकांनी केलेली शिक्षा त्याला पुरे आहे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. "पुरे" हे पौल सांगतो. तुमची कमिटी कधी सांगणार?

गोव्याच्या मातीतली दुसरी आठवणही आहे, ती जास्त गोड. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इथे आले, आणि त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापून निघालं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर 1629 मध्ये फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांचं मराठी पुराण गोव्यातच छापलं गेलं, आणि ते अख्खं पेत्राच्या चरित्रावर आहे. त्यात हिंदू धर्मावर टीका भरपूर आहे, ती आज वाचवत नाही, फोंडेकरांसमोर ते लपवणार नाही. पण मराठीत छापील ग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते तेव्हा त्यातला एक, प्रभूला नाकारणाऱ्या शिष्यावर खर्ची पडला याचं मला फार अप्रूप आहे.

नगरची_लेक
सगळं वाचलं. पेत्राबद्दल सगळे बोलले, मला प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा याच्याबद्दल बोलायचंय.

मत्तय 27 उघडा. यहूदाला पस्तावा झाला. त्या कामाचे मिळालेले तीस रुपये (चांदीची नाणी) घेऊन तो परत मंदिरात गेला. निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं, असं स्पष्ट शब्दांत म्हणाला. पैसे परत करायला आला होता. कबुली झाली, भरपाई झाली. तुमच्या कमिटीच्या यादीतल्या दोन्ही गोष्टी. आणि समोरच्या याजकांनी काय म्हटलं? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो पैसे फेकून निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पुढच्या ओळीत तेच याजक चर्चा करतात की हे रुपये दानपेटीत टाकणं योग्य नाही, ही रक्ताची किंमत आहे. माणूस मेला आणि हे हिशेबाचं पावित्र्य जपत होते!

यहूदाने केलं ते भयंकर, आणि त्याच्या अंतःकरणाचा निवाडा मी करणार नाही. पण तो ज्यांच्याकडे गेला ते धर्माची माणसं होती, आणि त्यांनी दार लावलं. पेत्राला मात्र माणसं होती. तो रडला आणि परत त्या दहा जणांतच येऊन राहिला. त्यांनी त्याला राहू दिलं. कबरेपाशी बायकांना निरोप मिळाला तो मार्क लिहितो: त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. त्याचं नाव वेगळं घेतलं, नाहीतर त्याला वाटलं असतं की शिष्यांत आता मी धरलाच जात नाही. आणि तो म्हणाला मी मासे धरायला जातो, तेव्हा बाकीचे म्हणाले आम्हीही येतो. त्या रात्री काही मिळालं नाही, तरी ते बरोबर होते. प्रभू काठावर दिसला तेव्हा पेत्र होडीत होता, कारण सोबत्यांनी त्याला एकटं जाऊ दिलं नव्हतं.

तुमचे बंधू आशीर्वादाच्या आधी उठून का जातात माहीत आहे? दारात सगळ्यांशी हात मिळवायला लागू नये म्हणून. माझे वडील असेच जायचे. माझ्या घरात मटका होता, म्हणून सांगते. आणि एक विचारू? त्यांच्या पत्नीचं काय? आख्ख्या धाग्यात कोणी त्यांचं नाव काढलं नाही. उधारी मागायला माणसं दाराशी यायची तेव्हा दार माझी आई उघडायची. दुकानदार पिशवी भरून झाल्यावर "आधीचे?" म्हणायचा, ते तिला ऐकावं लागायचं. वडिलांना पाळक भेटायला आले, प्रार्थना केली, पुढे ते बरेही झाले. आईकडे कोणी आलं नाही. पाप तिने केलं नव्हतं, त्यामुळे तिला क्षमा करायचा प्रश्नच कोणापुढे आला नाही, आणि म्हणून तिला परत बोलवायचंही कोणाला सुचलं नाही. तिने भगिनी मंडळ सोडलं ते सोडलंच.

जुवारीकाठ
नगरची_लेक ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी कालच चौकशी केली. त्यांची पत्नी भगिनी मंडळात येत नाही. उपासनेलाही क्वचित. कोणी भेटायला गेलेलं नाही. आम्ही सगळे त्या बंधूंच्या शिस्तीत गुंतलो होतो.

बार्देशची_माय
ताई, तुमच्या आईसाठी आज रोजाराची (जपमाळेच्या प्रार्थनेची) एक दहाकडी म्हणेन.

फोंडेकर
माझ्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर मी मागितलं होतं त्याहून मोठं आहे. विश्वास परत येतो का, असं मी विचारलं. तो आणायला दुसऱ्या बाजूनेही चालावं लागतं हे इथे दिसलं. एक सुचवतो, माझा पेशा हिशेबाचा आहे. वर्गणी कोणा एकाच्या खिशात राहूच देऊ नका. प्रत्येक रकमेची पावती, बँकेत खातं, दोघांच्या सह्या, वर्षाला हिशेब वाचून दाखवायचा. आमच्या देवळाच्या समितीत हे नव्हतं तेव्हा चांगली माणसं मोहात पडताना मी पाहिली आहेत.

घाटमाथा
हे पटलं. जाहीर कबुलीचा माझा आग्रह मी सोडतो, पण त्यांना कधी स्वतःहून बोलावंसं वाटलं तर त्यांना बोलू द्या. तेही नाकारू नका.

मार्कचं उदाहरण राहिलं म्हणून जोडतो. पौल आणि बर्णबाबरोबर निघालेला हा तरुण पंफुल्यातल्या पिर्गाहून माघारी यरुशलेमेला गेला. पुढच्या फेरीला बर्णबा त्याला घ्यायचं म्हणतो, पौल नाही म्हणतो, आणि दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. कोणी चूक म्हणत नाही पौलाला. काम अवघड होतं, त्याला भरवशाची माणसं हवी होती. पण बर्णबाने त्या पोराला सोडलं नाही. तोच पौल शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आणि पेत्र आपल्या पत्रात त्याला "माझा पुत्र" म्हणतो. दूरच्या सेवाकार्यातून परतलेला मुलगा आणि अंगणात नाकारलेला म्हातारा! पेत्राच्या तोंडून ऐकलेलं मार्कने लिहिलं, अशी फार जुनी परंपरा आहे, आणि पेत्राचा नकार त्या शुभवर्तमानात कुठेही मऊ केलेला नाही.

तुमच्या कमिटीत पौल आहेतच. बर्णबा कोण होणार ते ठरवा.

जुवारीकाठ
मंडळी, मनापासून आभार. रविवारी कमिटीपुढे मी हे मांडणार आहे: एक, येत्या प्रभुभोजनाला त्यांना पाळकसाहेबांनी स्वतः घरी जाऊन बोलवावं. दोन, जाहीर कबुलीची अट नाही. तीन, पैशाचं काम त्यांच्याकडे पुन्हा नाही, आणि यापुढे कोणा एकाकडेच नाही. फोंडेकरांनी सांगितलं तसं. चार, पेटी त्यांची. सुरुवातीला बुधवारच्या घरच्या प्रार्थनेत, दोन मुलांना शिकवायला; तिथून मग रविवारी. थेट रविवारी बसवलं तर त्यांनाच जड जाईल असं वाटतं. त्यांना नेमाने भेटून थेट विचारायचं काम मी घेतो. त्यांच्या पत्नीला भेटायला घरी जायचं भगिनी मंडळाशी बोललोय, चौघीजणी तयार आहेत.

नगरची_लेक
चौघी नको, दोघी जाऊ देत. चौघी गेल्या तर तिला कमिटी आल्यासारखं वाटेल. दुपारची वेळ बघा, ते घरी नसताना. झालेल्या गोष्टीचा विषय आपणहून काढू नका, ती काढेल तेव्हा ऐका. आणि तिला "ये गं कधीतरी" म्हणून येऊ नका. पुढच्या सहभोजनाला भात तिने लावायचा की डाळ, ते तिथेच विचारून या.